भाऊजींचं अकाउंट बंद झालं होतं, आता माझंही बंद केलं! काय करू?

ताई, नमस्कार. मी धायरीत राहते, खणाच्या पर्स, बटवे, तोरणं शिवून ऑनलाइन विकते, हाताखाली दोघी बायका आहेत. चार वर्षं सगळं नीट चाललं होतं, रेटिंग ४.६ आहे, थोडेफार रिटर्न येतात ते रंग वेगळा वाटला म्हणून. या वर्षी गणपतीच्या आधी ऑर्डरी एकदम वाढल्या, आम्ही खूप खूश होतो, आणि त्याच गडबडीत मेल आला की तुमचं सेलर अकाउंट बंद करतोय, कारण ते आधी बंद केलेल्या दुसऱ्या एका अकाउंटशी जोडलेलं आहे. पैसेपण अडकलेत. ते दुसरं अकाउंट माझ्या दिरांचं असणार, ते मोबाइलची कव्हरं विकायचे, त्यांचं मागेच बंद झालं. माझं अकाउंट त्यांनीच त्यांच्या लॅपटॉपवरून उघडून दिलेलं. मी किती वेळा अपील केलं, आम्ही प्रामाणिक आहोत, दोन घरं यावर चालतात, सगळं लिहिलं, दर वेळी तेच छापील उत्तर. भाऊजी म्हणतात आईंच्या नावाने नवीन अकाउंट काढू. एक एजंट १५ हजारात चालू करून देतो म्हणतोय. भाऊजींचं नाव अपीलमध्ये घातलं तर घरात वाईट वाटेल म्हणून ते लिहिलेलं नाही. जुलैमध्ये आम्ही वडगावहून धायरीला आलो, बँकही बदलली, जीएसटीवर पत्ता अजून जुनाच आहे, त्याने काही फरक पडतो का? आणि हे लोक नक्की बघतात तरी काय?
एक खणवाली, धायरी

अहो, सगळ्यात आधी, भाऊजी लॅपटॉप घेऊन बसले असतील तर त्यांना थांबवा. सासूबाईंच्या नावाने नवीन अकाउंट काढायचं नाही. त्यांनी चांगल्या मनानेच सुचवलंय हे मला कळतंय, पण ही आगीतून फुफाट्यात जायची वाट आहे. नाव आईंचं असेल, पण लॅपटॉप तोच, घरातलं वायफाय तेच, कुरिअरवाला माल उचलायला येणार त्याच दारात, फोटो तेच, पर्सही त्याच, आणि ओटीपी येणार तो बहुतेक तुमच्याच मोबाइलवर. हे सगळे धागे जोडून बघणं हेच तर त्यांच्या सिस्टीमचं काम आहे. ते नवीन अकाउंट बंद होण्याची शक्यता फार मोठी, आणि वर तुमच्या आत्ताच्या अकाउंटवर शिक्का बसेल की बंद केल्यावर या बाईने मागच्या दाराने परत यायचा प्रयत्न केला. आज तुमची बाजू खरी आहे आणि ती कागदावर दाखवता येते, हे तुमच्याकडचं सगळ्यात मोठं भांडवल आहे, ते घालवू नका.

आता तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, हे लोक नक्की बघतात काय, कारण ते कळलं की अपीलमध्ये काय लिहायचं तेही कळेल.

मी बरीच वर्षं सेलरची कागदपत्रं तपासायच्या कामात होते. तुम्ही माणूस म्हणून कशा आहात हे तिथे कोणी ठरवत नाही, ठरवता येतही नाही. रविवार पेठेतला लेसवाला तुम्हाला तोंडओळखीवर आठ दिवसांची उधारी देतो कारण तो तुम्हाला इतकी वर्षं बघतोय, कोणाच्या सूनबाई ते त्याला ठाऊक आहे. ऑनलाइन कंपनीकडे तुमचा चेहरा नाहीये. तिच्याकडे आहेत ते कागद, आणि तुमच्या अकाउंटवर रोज पडणाऱ्या नोंदी. मग ती एवढंच तपासू शकते की सगळे कागद एकाच माणसाबद्दल बोलतायत का, आणि अकाउंट कालपर्यंत जसं चालत होतं तसंच आज चालतंय का. तुमच्या बाबतीत या दोन्ही ठिकाणी एकाच महिन्यात गडबड झालीय, असं मला तुमच्या पत्रावरून वाटतं.

कागदांचं बघा. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो, पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, पुढची १० अक्षरं म्हणजे सरळ तुमचा पॅन, आणि शेवटचं अक्षर आधीची सगळी नीट आहेत ना हे पडताळायला. म्हणजे जीएसटी नंबर टाकला की पॅन त्यातच आला, दोन्हीत फरक असेल तर मशीनच पकडतं. बँक खात्यात एखादा रुपया टाकून बघतात, तो पोचला की बँकेकडून खातेदाराचं नाव परत येतं आणि ते पॅनवरच्या नावाशी जुळवतात. इथे आपल्याकडच्या बायकांचा हमखास घोळ होतो. पॅन काढलं लग्नाआधी, त्यावर माहेरचं आडनाव आणि वडिलांचं नाव, आधार बदलून घेतलं त्यावर सासरचं, बँकेत नवऱ्याबरोबर जॉइंट खातं आणि त्यात पहिलं नाव नवऱ्याचं, आणि जीएसटी सीएने भरलं त्याने इंग्रजी स्पेलिंग स्वतःच्या मनाने लिहिलं. घरच्यांना माहितीये की ही सगळी एकच बाई. मशीनला चार बायका दिसतात. तुम्ही बँक बदललीय ना, मग आज बसून पॅन, आधार, जीएसटीचं सर्टिफिकेट आणि नवीन बँकेचा कॅन्सल चेक चारही टेबलावर शेजारी ठेवा आणि नाव अक्षर अक्षर लावून बघा, फरक असेल तर आधी तो दुरुस्त करायचा, आणि लग्नानंतर नाव बदललंय एवढाच फरक असेल तर लग्नाचं सर्टिफिकेट किंवा नाव बदलल्याचं सरकारी गॅझेट सोबत जोडायचं.

पत्त्याने फरक पडतो का विचारलंत, तर हो, चांगलाच पडतो. जीएसटीवर वडगाव, माल उचलायचा धायरीहून, बँकेत नक्की कुठला ते तुम्हालाच बघावं लागेल. धंद्याची मुख्य जागा बदलली की १५ दिवसांच्या आत जीएसटी पोर्टलवर आरईजी-१४ फॉर्म भरून कळवायचं असतं, तुमची ती मुदत कधीच उलटलीय, तर हे काम अपीलच्याही आधी. सोबत धायरीच्या घराचा पुरावा लागेल, भाड्याचं असेल तर रजिस्टर्ड भाडेकरार आणि मालकाच्या नावावरचं लाइट बिल, गरज पडली तर मालकाचं संमतीपत्र. मालक तयार होत नसेल तर त्याला समजावून सांगा, बरेच मालक विनाकारण घाबरतात.

हा कागदांचा हट्ट कंपनीच्या लहरीपुरता नाही. केंद्र सरकारचे ई-कॉमर्सबद्दलचे ग्राहक संरक्षण नियम जुलै २०२० मध्ये आले, त्यात सेलरचं नाव, पत्ता, संपर्क ही माहिती ग्राहकाला दिसली पाहिजे असं आहे. अमेरिकेत जून २०२३ पासून कायदा आहे की वर्षभरात २०० किंवा जास्त विक्री आणि ५ हजार डॉलर किंवा जास्त धंदा झाला की त्या सेलरची ओळख मार्केटप्लेसने, म्हणजे अनेकांचा माल विकणाऱ्या ऑनलाइन कंपनीने, पडताळायचीच. युरोपातही २०२४ पासून तसंच. चोरीचा आणि नकली माल असा विकला जायचा आणि विकणारा सापडायचा नाही, त्यावरून हे सगळं आलं, आणि मला ते बरोबरच वाटतं.

आता दुसरी बाजू, अकाउंटची वागणूक. तुमची कंपनी कुठली ते मी इथे छापत नाहीये, पण अमेझॉनने सेलरसाठी जे आकडे उघड सांगितलेत ते उदाहरण म्हणून घ्या, बाकीच्यांचे नियम थोडेफार तसेच असतात. बिघडलेल्या ऑर्डरींचं प्रमाण, म्हणजे वाईट शेरा, पैसे परत मागण्याचा दावा असले प्रकार, १ टक्क्याच्या खाली हवं. उशिरा पाठवलेल्या ऑर्डरी ४ टक्क्यांच्या खाली, आणि आपणहून रद्द केलेल्या २.५ टक्क्यांच्या खाली. यात लहान माणूस कसा भरडला जातो बघा. साठ दिवसांत ज्याच्या हजार ऑर्डरी आहेत त्याच्या नऊ बिघडल्या तरी तो पास, आणि तुमच्यासारखीच्या ८० असतील तर एकच बिघडली की १.२५ टक्के! म्हणून ज्यांच्या ऑर्डरी कमी त्यांनी एकेक तक्रार हातात घेऊन मिटवायची, ती तशीच पडू द्यायची नाही. आणि गणपतीत माल संपला म्हणून ऑर्डरी रद्द केल्या असतील तर तेही मोजलं गेलंय. स्टॉकचा आकडा शिवून तयार आहे तेवढाच टाकायचा. कापड कपाटात आहे, रात्री शिवू, असं धरून टाकायचा नाही.

आणि तो एकदम वाढलेला धंदा! तुम्ही खूश होतात आणि तुम्ही व्हायलाच हवं होतं, पण तिकडे त्याच गोष्टीने भुवया उंचावतात. कारण फसवणारे लोक नेमकं हेच करतात, आधी महिनोन् महिने छोटा छोटा माल नीट पोचवून नाव कमवायचं, मग सणाच्या तोंडावर खूप ऑर्डरी घ्यायच्या, पैसे काढून घ्यायचे आणि पळून जायचं. कधी कधी दुसऱ्याचं जुनं चांगलं अकाउंट हॅक करतात आणि पहिलं काम काय करतात तर बँक खातं बदलतात. आता तुमच्या अकाउंटकडे त्या नजरेने बघा, चार वर्षं शांत होतं, मग बँक बदलली, माल उचलायचा पत्ता बदलला, ऑर्डरी वाढल्या, सगळं महिन्याभरात. आपल्याला माहितीये की घर बदललं आणि गणपती आले. त्यांना ते कोणी सांगितलंच नाही. पुढच्या वेळी बँक किंवा पत्ता बदलायचा असेल तर मंदीच्या दिवसांत बदला, एका वेळी एकच गोष्ट, आणि सणाच्या महिनाभर आधीपासून काहीही हलवू नका.

तुम्ही ४.६ रेटिंगचं लिहिलंय आणि तुम्हाला वाटतंय की ते बघूनही यांनी असं कसं केलं. रेटिंग महत्त्वाचं आहेच. ईबे ही अमेरिकेतली ऑनलाइन खरेदी-विक्रीची साइट १९९५ मध्ये सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी त्यांनी एकमेकांना शेरे द्यायची सोय केली, कारण अनोळखी माणसाला आधी पैसे पाठवायला कोणी धजत नव्हतं. पुढे काही संशोधकांनी तिथल्याच एका मुरलेल्या सेलरला हाताशी धरून तशीच जुनी पोस्टकार्डं एकदा त्याच्या नावाजलेल्या अकाउंटवरून आणि एकदा कोऱ्या अकाउंटवरून विकून बघितली, तर नावाजलेल्याला सुमारे ८ टक्के जास्त किंमत मिळाली. २००६ मध्ये ते छापून आलं. म्हणजे नावाला पैसा मिळतो हे खरं. पण चांगले शेरे भीतीपोटीही दिले जातात, ईबेवर सेलर उलटा वाईट शेरा देईल म्हणून ग्राहक गप्प बसायचे, शेवटी २००८ मध्ये ईबेने सेलरची ग्राहकाला वाईट शेरा द्यायची सोयच काढून टाकली. आणि शेरे विकतही मिळतात हे तर आता सगळ्यांना माहितीये. त्यामुळे तपासणारे स्टारवर विसंबत नाहीत, ते रिटर्नची कारणं वाचतात. आणि कोणी तुम्हाला सुचवलं की नातेवाइकांकडून पाचपन्नास रिव्ह्यू टाकून घे म्हणजे अकाउंट सुधारेल, तर अजिबात ऐकू नका, आपल्या २०२० च्या नियमांत सेलरने ग्राहक असल्याचं भासवून रिव्ह्यू टाकायला सरळ बंदी आहे.

तर आता तुमच्या मेलमधलं मूळ कारण, जोडलेलं अकाउंट. अकाउंट बंद झालेला माणूस बायकोच्या, भावाच्या, वहिनीच्या नावाने परत येतो हे इतक्या वेळा झालंय की एकच लॅपटॉप, एकच आडनाव, एकच पत्ता दिसला की त्यांना आधी तेच वाटतं. सुक्याबरोबर ओलंही जळतं ते असं. आणि कंपन्या कुठलं अकाउंट, कशावरून जोडलं, याच्या ताकास तूर लागू देत नाहीत, कारण सांगितलं तर फसवणारे तेवढंच टाळून परत येतील. त्यांची अडचण मला कळते, पण चार वर्षं काम केलेल्या बाईला नीट कारण कळायलाच हवं असं माझं ठाम मत आहे. युरोपात जुलै २०२० पासून नियम आहे की धंदेवाल्याचं खातं अडवलं तर कारण लेखी द्यायचं, आणि कायमचं बंद करायचं असेल तर एरवी ३० दिवस आधी कळवायचं. आपल्याकडे तक्रारीची ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल ही जी मुदत आहे ती ग्राहकांच्या तक्रारींसाठी आहे, सेलरला आपल्या करारावरच भांडावं लागतं. म्हणून तुम्ही अकाउंट उघडताना ज्याला हो म्हटलं होतं तो करार काढून अकाउंट बंद करण्याचा आणि पैसे रोखण्याचा भाग एकदा नीट वाचा.

तुमच्या आधीच्या अपीलांमध्ये काय कमी पडलं ते सांगते. तुम्ही लिहिलंत, आम्ही प्रामाणिक आहोत, दोन घरं यावर चालतात. मला वाचून गलबलून आलं. पण समोर बसलेल्या माणसाच्या पुढे दिवसाला अशी ढीगभर अपीलं येतात आणि फसवणारासुद्धा हेच लिहितो, शब्दही तेच. त्याला तुमच्या वाक्याखाली टिक करता येईल असं काहीतरी हवं असतं. आणि ज्या एका गोष्टीचं उत्तर त्याने मागितलंय, ते दुसरं अकाउंट कोणाचं, ती तुम्ही लिहिलीच नाही. त्याच्या यादीत भाऊजींचं अकाउंट समोर दिसतंय आणि तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही, म्हणजे त्याच्या दृष्टीने तुम्ही लपवताय.

म्हणून आधी भाऊजींकडून त्यांचा जुना बंद केल्याचा मेल शोधून घ्या. कव्हरांवर कुठल्या ब्रँडचे लोगो किंवा कार्टून छापलेले होते का? त्या धंद्यात बहुतेक वेळा ट्रेडमार्कच्या तक्रारी येतात. कधी कधी त्यांचं अकाउंट बंद व्हायचं कारण साधं असतं, एखादं कागदपत्र द्यायचं राहिलं किंवा काही रक्कम भरायची राहिली, तसं असेल तर भाऊजींनी आधी ते मिटवायचं, कारण मूळ अकाउंटचा प्रश्न सुटला की तुमचा बराचसा आपोआप सुटतो. तसं नसेल तर अपीलमध्ये साध्या सोप्या इंग्रजीत साधारण असं लिहा:

"अमुक नावाचं सेलर अकाउंट माझ्या दिरांचं आहे, ते अमुक महिन्यात अमुक कारणाने बंद झालं. चार वर्षांपूर्वी माझं अकाउंट त्यांनी त्यांच्या लॅपटॉपवरून उघडून दिलं, तेव्हा आम्ही एकाच घरात राहत होतो. मी खणाच्या शिवलेल्या वस्तू विकते, ते मोबाइलची कव्हरं विकत होते. त्यांच्या धंद्यात माझा आणि माझ्या धंद्यात त्यांचा कधीही वाटा नव्हता. माझा पॅन, जीएसटी नोंदणी आणि बँक खातं स्वतंत्र आहे, प्रती जोडल्या आहेत. जुलैमध्ये घर बदललं, जीएसटीवरचा पत्ता बदलण्याचा अर्ज अमुक तारखेला केला आहे, पोच जोडली आहे. यापुढे माझं अकाउंट फक्त माझ्या फोनवरून आणि माझ्या कॉम्प्युटरवरून उघडलं जाईल, दिरांचा मोबाइल नंबर आणि ईमेल त्यातून काढला आहे."

यातलं एखादं वाक्य तुमच्या बाबतीत खरं नसेल तर ते गाळा. भाऊजींच्या खात्यात कधी तुमच्या विक्रीचे पैसे गेले असतील तर तेही लिहा, किती काळ आणि का, कारण ते त्यांना दिसतंच. सोबत वर्षभरातली कापडाची, अस्तराची, चेनची बिलं जोडा, ज्यांवर तुमचं नाव, तारीख आणि दुकानदाराचा जीएसटी नंबर आहे अशी. कच्च्या चिठ्ठ्या चालत नाहीत. तुमच्याकडे पक्की बिलं कमी असतील, बहुतेकांकडे कमीच असतात, तर दुकानदाराला सांगून झालेल्या खरेदीची बिलांची नक्कल मागा, पक्कं बिल फाडलं असेल तर ते त्याच्याकडे असतंच. पण पीडीएफमध्ये नाव बदलणं, तारीख पुढेमागे करणं, असलं काहीही करू नका. अकाउंट परत मिळायची शक्यता खोट्या बिलाने जितकी कायमची जाते तितकी दुसऱ्या कशानेही जात नाही. कामाची जागा, मशीन, दोघी जणी शिवतायत, अर्धवट झालेले बटवे, असे दोनचार फोटोही टाका. व्हिडिओ कॉलवर ओळख पटवायची सोय असेल तर लगेच हो म्हणा, तुमच्यासारख्या खरोखर शिवणाऱ्या बाईला त्यात फायदाच आहे.

आणि हे सगळं एकत्र जमल्यावर एकच अपील पाठवा. रोज रोज पाठवत राहिलं की प्रत्येक वेळी तेच तेच नाकारलं जातं आणि काही ठिकाणी पुढे वाचायचंच बंद करतात.

एजंटला नाही म्हणा. तो तुमचा पासवर्ड आणि ओटीपी मागणार, मग कुठल्यातरी तिसऱ्याच गावातून लॉगिन करणार, म्हणजे जोडल्या गेलेल्या अकाउंटच्या प्रश्नात अजून दहा अकाउंटं जोडली जाणार, कारण त्याच मशीनवरून त्याने आणखी कोणाकोणाची उघडलेली असतात. त्यातले काही जण बनावट बिलं लावतात आणि ते सेलरला कळतही नाही, नाव मात्र सेलरचं खराब होतं. ते १५ हजार जवळच ठेवा, त्यातल्या ४,५०० मध्ये स्वतःच्या नावावर ब्रँडचा ट्रेडमार्क अर्ज ऑनलाइन भरता येतो, एकट्याने धंदा करणाऱ्याला मालाच्या एका वर्गासाठी एवढीच सरकारी फी आहे, आणि भाऊजींपेक्षा तुमचा धंदा वेगळा आहे हे दाखवणारा तो एक चांगला कागद होईल.

अडकलेल्या पैशांचं असं की रिटर्न आणि दावे येऊ शकतात तोवर कंपन्या रक्कम धरून ठेवतात, ते बहुतेक करारात लिहिलेलं असतं. पण आपला हिशोब आपल्याकडे हवा. डॅशबोर्ड उघडत असेल तर सगळे सेटलमेंट रिपोर्ट, म्हणजे कुठल्या ऑर्डरीचे किती पैसे दिले त्याचे हिशोब, आजच डाउनलोड करून ठेवा. उघडत नसेल तरी घाबरू नका, मार्केटप्लेस तुमच्या विक्रीवर जीएसटीचा टीसीएस, म्हणजे आधीच कापून घ्यायचा कर, कापतं, १० जुलै २०२४ पासून तो अर्धा टक्का आहे, आणि त्याची नोंद तुमच्या जीएसटी पोर्टलवर दिसते. इन्कम टॅक्सच्या एआयएसमध्येही, म्हणजे वर्षभराच्या व्यवहारांच्या माहितीपत्रकातही, तुमची विक्री दिसते. त्यावरून किती विक्री झाली, बँकेत किती आले आणि किती अडकले हे तुमच्या सीएला काढता येईल, आणि पुढे वकिलाची नोटीस द्यायची वेळ आली तर हाच आकडा लागणार.

रंगाच्या रिटर्नबद्दल थोडं सांगायचंच आहे, कारण अकाउंट सुरू झालं तरी हे राहिलं तर परत त्याच जागी याल. खणात उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असला की तोच बटवा एका बाजूने मरून दिसतो आणि जरा तिरका धरला की जांभळा. तुम्ही रात्री ट्यूबलाइटखाली फोटो काढत असाल, त्यात दोन्ही मिळून सपाट लाल दिसतो, आणि बाईला घरी उन्हात वेगळाच दिसतो. ती रिटर्न करताना कारण टाकते, वर्णनाप्रमाणे नाही. हे कारण तपासणाऱ्यांच्या नजरेत सगळ्यात वाईट, कारण नकली माल पाठवणाऱ्यांच्या नावावरही हेच कारण पडतं. सकाळी खिडकीशी, फ्लॅश न लावता, सरळ आणि तिरका असे दोन फोटो काढा आणि वर्णनात लिहा की उजेडाप्रमाणे रंग बदलतो. आणि लिस्टिंगमध्ये हातमागाचा खण असं लिहिलंय का ते बघा. पॉवरलूमचा असेल तर तो शब्द आजच्या आज काढा. त्यावर कोणी तक्रार केली तर तुमच्याकडे उत्तर नाहीये.

दिवाळी तोंडावर आहे आणि अपीलचं उत्तर कधी येईल हे कोणाच्या हातात नाही, त्यामुळे शिवलेला माल घरात ठेवू नका. कोथरूड, सहकारनगर भागात दिवाळीची प्रदर्शनं लागतात, दोघी जणींना घेऊन एखादा स्टॉल घ्या, जुन्या ग्राहकांपैकी ज्यांनी स्वतःहून नंबर दिलाय त्यांना व्हॉट्सअ‍ॅप करा. दोघींची कामं थांबायला नकोत. दोन घरं यावर चालतात हे तुमच्या पत्रात तुम्ही ज्या कळकळीने लिहिलंय ते मला फार आवडलं.

राहता राहिले भाऊजी. त्यांचं नाव घालायला तुम्हाला जड जातंय, साहजिक आहे, ज्या माणसाने हाताला धरून धंदा सुरू करून दिला त्याच्याकडे बोट दाखवल्यासारखं वाटतं. पण वर दिलेला मजकूर परत वाचा, त्यात त्यांच्यावर एकही आरोप नाहीये, झालं ते सांगितलंय आणि त्यांनी मदत केली हेही सांगितलंय. त्यांच्या पाठीमागे पाठवू नका. मिस्टरांना सोबत घ्या, भाऊजींना बसवा, सगळं अपील वाचून दाखवा, त्यांच्या अकाउंटचं कारण त्यांच्याच शब्दांत त्यांना सांगू द्या, आणि तयार असतील तर दोन्ही धंदे वेगळे होते अशी त्यांची सही असलेली एक चिठ्ठीपण जोडा. ते सासूबाईंच्या नावाने अकाउंट काढायला निघालेत म्हणजे त्यांनाही हे लागलंय, काहीतरी करावंसं वाटतंय, तर त्यांना हे काम द्या. फक्त टाइप करताना त्यांचा लॅपटॉप वापरू नका, अपील तुमच्या फोनवरूनच जाऊ दे.